नक्कीला नक्की जायचं

वडोदऱ्यातल्या ज्या मराठी घरात माउंट अबूचा एकही फोटो नाही, ते घर इथे नवीन आलेलं आहे असं खुशाल समजावं. आजोबांच्या पिढीत लग्नानंतरचे चार दिवस अबूला, बाबांच्या पिढीत मुलाबाळांना घेऊन मे महिन्यात अबूला, आणि आमच्या पिढीत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की पुन्हा अबूच. आमच्या अल्बममध्येही आहे. १९९३ सालचा. मी तीन वर्षांची, लाकडी बाबागाडीत बसलेली, फ्रॉकचा घेर ओलाचिंब. मागे नक्की तलाव. बाबागाडीचा दांडा धरून बाबा उभे, शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत सारलेल्या. फ्रॉक ओला, कारण मी घाटाच्या पायरीवरून सरळ पाण्यात उतरले होते आणि बाबांनी मला एका हाताने उचलून बाहेर काढलं होतं. ही गोष्ट बाबा दर दिवाळीला सांगतात. 'एका हाताने'वर जोर देऊन.

ऑगस्ट २०१७ मध्ये भर पावसात माझी स्कूटर घसरली आणि मणक्याला मार बसला. डॉक्टरांच्या भाषेत डी-१०. म्हणजे बेंबीच्या खाली मला काही कळत नाही आणि काही हलत नाही. हे एकदाच सांगून टाकते, कारण लेख त्याबद्दल नाही.

लेख उचलण्याबद्दल आहे.

आमचं घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत. पणजोबा सयाजीरावांच्या अमदानीत नोकरीला आले, तेव्हाचं. रस्त्यावरून ओट्यावर यायला दोन पायऱ्या, ओट्यावरून घरात शिरताना सागवानी उंबरठा. आत मागाहून फरशी बसवली, त्यामुळे घराची जमीन उंबरठ्याच्या बरोबरीला आली आहे, पण बाहेरच्या बाजूने तो अजून उभा आहे तसाच. गेली साडेसात वर्षं मला बाहेर पडायचं असलं की बाबा माझी व्हीलचेअर मागे कलती करतात आणि एकेक पायरी उतरवतात. परत येताना तसंच वर ओढतात. बाबा तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. मल्लखांबाची सवय, दंड-बैठकांची सवय. पण आता वय अडुसष्ट. ओट्याला उतार करून घेऊ या, असं मी तीन-चारदा म्हटलं. दर वेळी उत्तर एकच: "कशाला? मी आहे ना!"

हे वाक्य प्रेमाचं आहे, मला मान्य आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की बाबा दुपारी झोपले असतील तर मला कोपऱ्यावर शेव-उसळ खायला जाता येत नाही. मी चौतीस वर्षांची आहे, घरी बसून हिशेबाची कामं करते, माझा आयकर मी भरते, आणि बाहेर जाण्यासाठी बाबा जागे होण्याची वाट पाहते.

तर अबू. माझा नऊ वर्षांचा भाचा अल्बम चाळत होता. "आत्या, तू त्यानंतर परत गेलीच नाहीस?" मी म्हटलं, अपघातानंतर नाही. "मग जाऊ या की. नक्कीला नक्की जायचं." घरात सगळे हसले. आणि बाबा लगेच म्हणाले, "जाऊ या. मी उचलेन तिला."

ज्यांना कुणी उचलत नाही त्यांना वाटतं, उचलून घेणं म्हणजे ऐष. उचलून घेताना काय होतं ते सांगते. अनोळखी माणसाचे हात काखेत येतात. कुर्ता वर सरकतो, तो खाली ओढायला आपले हात मोकळे नसतात. पाय कुठे घासटला तर मला कळत नाही. रात्री आई पाहते तेव्हा जखम दिसते. मदतीला धावलेली मंडळी खुर्ची हाताच्या टेकणाला धरून उचलतात, आणि ते टेकण निघणारं असतं, ते त्यांच्याच हातात येतं. (कधी कुणाची व्हीलचेअर उचलायची वेळ आलीच, तर पक्क्या सांगाड्याला धरा. आणि आधी बसलेल्या माणसाला विचारा, कुठे धरू?) या सगळ्यात चार लोक थांबून पाहतात. एखादी मावशी 'अरेरे' म्हणते. आपण पोचतो खरं, पण सामान पोचतं तसं.

म्हणून मी अट घातली: येईन, पण राहण्याची जागा मी शोधणार आणि तलावापर्यंत मी माझ्या चाकांवर जाणार.

जागा शोधताना मी पाच ठिकाणी फोन केले. पहिल्या तिघांनी एकच उत्तर दिलं. "व्हीलचेअर? हो हो, काही प्रॉब्लेम नाही, आमची पोरं उचलून घेतील." चौथा म्हणाला, उतार आहे. फोटो मागवला तर मोटारसायकल चढवायचा उतार निघाला, भिंतीसारखा उभा. आमच्याकडे एक साधं गणित असतं: एक इंच चढायचं असेल तर उतार निदान एक फूट लांब हवा. सहा इंचांची पायरी, तर सहा फूट. त्याहून उभा असला की चढताना खुर्ची मागे उलटायला बघते आणि उतरताना पुढे तोंडावर. पाचव्या ठिकाणच्या बाईंना मी 'व्हीलचेअर चालेल का' असं विचारलंच नाही. विचारलं, "बाथरूमच्या दाराची रुंदी किती इंच आहे? टेप लावून फोटो पाठवता का?" माझी खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच. कितीतरी ठिकाणी बाथरूमचं दार चोवीस इंचांचं असतं. खोली कितीही सुंदर असो, त्या एका इंचापायी सहल संपते. बाईंनी फोटो पाठवला. अठ्ठावीस. मी खोली घेतली.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी खुर्चीवर असेल तर हे लक्षात ठेवा. 'सोय आहे का' विचारलं की 'आहे' असंच उत्तर येतं. इंच विचारावेत.

खरं तर हे मला विचारावं लागू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. म्हणजे कायदा माझ्या व्हीलचेअरपेक्षा चार महिन्यांनी थोरला. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या, असं त्यात लिहिलेलं आहे. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही मापं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, सक्तीची हवीत. आणि नियम करायला सरकारला तीन महिने दिले. आम्ही अबूला गेलो ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, ती तीन महिन्यांची मुदत संपत होती त्याच सुमाराला. गाडीत मी हे सांगितलं तर दादा म्हणाला, "तुझा मुहूर्त भारी असतो."

तयारीचं फार लांबवत नाही. पाठीमागच्या पिशवीत हवेचा पंप आणि ट्यूब. बसायची गादी स्वतःची, कारण त्याच त्या जागी दाब पडून कातडी फाटते. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, गाडीतसुद्धा. दर चार तासांनी कॅथेटर, त्यामुळे वाटेत कुठे थांबायचं हे चहावर नाही, स्वच्छतागृहाच्या दारावर ठरतं. आणि फेब्रुवारीत अबूला चांगलीच थंडी असते, तेव्हा आईची ताकीद: गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची नाही. पाय भाजला तरी मला कळणार नाही. आईने थेपले आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या, त्या मात्र नेहमीसारख्याच सात जणांना पुरतील इतक्या. आम्ही सहा होतो.

पहाटे निघालो. एक्सप्रेसवेने अहमदाबाद, मग मेहसाणा, पालनपूर, आणि दुपारपर्यंत अबू रोड. तिथून वर सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा घाट. पोटाचे आणि कमरेचे स्नायू काम करत नसले की घाटात काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. गाडी डावीकडे वळली की मी उजवीकडे, उजवीकडे वळली की डावीकडे, भाच्याच्या अंगावर. तिसऱ्या वळणावर वहिनीने तिची ओढणी माझ्या छातीभोवतून सीटच्या मागे घट्ट बांधली. भाचा म्हणाला, "आत्याला पार्सल केलं." बाबा पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "असं बोलू नये." मला मात्र हसू आलं, कारण पोरगं बरोबर बोललं होतं.

मुक्कामी पोचलो. दाराशी एक पायरी होतीच, चार इंचांची. बाईंना विचारलं तर त्या मनापासून चकित झाल्या. "ती? ती पायरी कुठे आहे, ती तर चौकट आहे!" रोज पाय उचलून ओलांडणाऱ्या माणसाला चार इंच दिसत नाहीत. मी त्यांच्यावर रागावले नाही. साडेसात वर्षांपूर्वी मलाही आमचा उंबरठा दिसत नव्हता; रांगोळी काढायची जागा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर.

नक्की तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवर, चारी बाजूंनी डोंगरांच्या वाटीत बसलेला आहे. वरच्या कड्यावर तो प्रसिद्ध बेडूक-दगड, आता उडी मारतो की मग मारतो असा. काठाने रस्ता, बाग, दुकानं, मक्याची कणसं, राजस्थानी पोशाखात फोटो काढून देणारे. सकाळचं ऊन पाण्यावर नुकतं उतरत होतं आणि पलीकडचा डोंगर अजून सावलीत होता. मी सूरसागराजवळ वाढले. आमचा सूरसागर रोजचा, मधोमध महादेव उभे, पण तो कठड्याच्या आत. त्याचं दर्शन घ्यायचं, बोट बुडवायचं नाही. इथे मला पाण्याला हात लावायचा होता. मोठं काही नाही, एवढंच. घरात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बाबांनी बादली भरून आणली असती.

नावाची गोष्ट भाच्याला आधीच ठाऊक होती. कुणी म्हणतं, देवांनी राक्षसाच्या भीतीने नखांनी हा तलाव खणला. दुसरी गोष्ट रसिया बालमची. राजकन्येशी लग्न हवं तर एका रात्रीत तळं खणून दाखव, अशी अट. त्याने नखांनी खणलं, आणि पहाट व्हायच्या आत राजकन्येच्या आईने खोटा कोंबडा आरवून त्याला फसवलं. भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि तलावाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे पाहून विचारलं, "तळं नखांनी खणलं, मग पायऱ्या कुणी केल्या?"

पायऱ्या होत्याच. आम्ही ज्या बाजूने आलो तिथून पाण्याकडे जायचं तर पायऱ्याच. मी वर थांबले. दादा एका बाजूला जाऊन पाहून आला, वहिनी दुसऱ्या. बाबा बाह्या सारायला लागले.

तेवढ्यात बाबागाडीवाला आला. अबूला गेलेल्यांना माहीत असेलच; लाकडाची, लहान चाकांची ती ढकलगाडी. लहान मुलं, सामान, दमलेल्या आज्या, सगळ्यांना घेऊन जाते. माणूस साठीचा असेल, डोक्याला मफलर. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे हात केला. "बिठा दो बेन को, आराम से ले जाऊंगा।" बाबांना कल्पना पसंत पडली. ते भावही करायला लागले.

मी म्हटलं, "बाबा, मी बाबागाडीत बसणार नाही."

"अगं, सोयीचं आहे. तो खाली नेईल..."

"मी चौतीस वर्षांची आहे."

बाबा गप्प झाले. आई म्हणाली, "तिला काय हवंय ते विचारा की आधी." आई असं क्वचित बोलते, आणि बोलते तेव्हा कुणीच उत्तर देत नाही.

मग मी बाबागाडीवाल्यालाच विचारलं, "काका, आपकी गाडी नीचे कैसे जाती है?" तो हसला. "गाडी थोडी ना सीढी चढती है, बेन।" आणि त्याने रिकामी गाडी वळवली, मला म्हणाला, मागे या. दुकानांच्या कडेने, मग जराशी चढण, मग बागेच्या बाजूने एक लांबट उतार. वाटेत एका ठिकाणी फरशी उचकटलेली होती, तिथे तो थांबला आणि बोटाने दाखवलं: इथून नको, डावीकडून घ्या, पुढचं चाक अडकेल. पुढचं चाक! माझ्या खुर्चीची पुढची चाकं तळहाताएवढी. खडी, फट, उचकटलेला दगड यांत तीच अडकतात. हे मला साडेसात वर्षं लोकांना समजावून सांगावं लागतं. त्याला माहीत होतं, कारण त्याच्या गाडीची चाकंही तेवढीच होती. त्या गावातला प्रत्येक उतार त्याला हातांनी पाठ होता. नकाशा करायचा असेल तर अशा माणसाला पगार देऊन करावा, असं माझं आपलं मत.

उतार उभा होता तिथे मी खुर्ची उलटी फिरवली आणि पाठमोरी उतरले, हात चाकांवर, दादा मागे नुसता सावध उभा. बाबांना पाहवलं नाही, ते दुसरीकडे बघत होते. खाली पोचले तेव्हा तळहात तापले होते. बाबागाडीवाल्याने पैसे घ्यायला आधी नाही म्हटलं. मी म्हटलं, रस्ता दाखवण्याचे आहेत. मग घेतले.

पण बोटींच्या धक्क्याशी शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्याच. बाबागाडी तिथपर्यंत जात नाही. तिचं काम वरच संपतं.

बाबा पुढे झाले. एक हात माझ्या गुडघ्यांखाली, एक पाठीमागे, नेहमीसारखा. वाकले. आणि तिथेच थांबले. चेहरा मला इतक्या जवळून दिसत होता की मी काही चुकवू शकले नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, थंडीत. दोन-तीन क्षण. मग त्यांनी हात काढून घेतले आणि कमरेवर ठेवले. आजूबाजूला लोक होते. १९९३ मध्येही असतील.

"बाबा, राहू दे," मी म्हटलं. "ओढ बसेल."

"काही नाही. जरा पकड नीट आली नाही."

"बाबा. राहू दे."

ते बाजूला झाले. बोटवाला हे सगळं पाहत होता. पंचविशीतला मुलगा असेल. तो वर आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीला आले, आणि म्हणाला, "बेन, बताओ, कैसे पकडूं?"

गेल्या साडेसात वर्षांत मला किती जणांनी उचललं असेल, त्याची मोजदाद नाही. उचलायच्या आधी हा प्रश्न विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मी सांगितलं. पायडल मारायच्या हंसाच्या बोटीत मला बसता येणार नाही, शिकारा हवा. शिकारा दोन्ही टोकांनी बांधून ठेव, हलता कामा नये. आधी माझी गादी त्या बाकावर. दादा मागून, मी हात छातीवर घडी घालते, माझी मनगटं धर. तू गुडघ्यांखालून. मी तीन म्हटल्यावर, आधी नाही. आणि पाय आत घेताना कडेला घासू नका. त्याने दोरी दोनदा तपासली. एक, दोन, तीन. आठ-दहा सेकंदांचं काम. कुर्ता वर गेला नाही, कारण वहिनीला मी आधीच सांगितलं होतं, तो ती धरेल. उचललंच होतं मला. मी काही उडून गेले नाही. पण सामान पोचतं तसं नाही पोचले.

शिकारा निघाला. दादा, वहिनी, भाचा आणि मी. आई बाबांजवळ काठावर राहिली. मी भाच्याला माझे गुडघे धरायला सांगितलं होतं, ते काम त्याने इतकं मनावर घेतलं की तलाव त्याने फारसा पाहिलाच नाही. बोटवाल्याने गांधी घाट दाखवला. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ ला या तलावात विसर्जित केला होता. पाण्याचा रंग मध्यावर बदलतो, काठाला हिरवा, आत गेलं की काळसर. मी कडेवरून हात खाली सोडला. पाणी बर्फासारखं गार होतं. मनगटापर्यंत बुडवला आणि तसाच ठेवला, बोटं बधिर होईपर्यंत. हातांना सगळं कळतं माझ्या. ते मी कधी विसरत नाही, पण त्या दिवशी पुन्हा कळलं.

मग मी काठाकडे पाहिलं.

बाबा माझ्या व्हीलचेअरमध्ये बसले होते.

कमर धरली असणार. दुसरी बसायची जागा जवळ नव्हती. आधी नुसते बसले होते, पाय जमिनीवर टेकवून. मग त्यांनी पाय पायठ्यावर घेतले. शिकारा जसा उजवीकडे सरकत गेला तसे तेही आमच्याकडे तोंड राहावं म्हणून चाकं फिरवायला लागले. थोडे फिरले. मग अडकले. लांबून दिसत नव्हतं कशात, पण मला कळलं. फरशीचा सांधा, दोन बोटांचा उंचवटा, पुढचं चाक. बाबांनी जोर लावला. पुन्हा लावला. खुर्ची हलली नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी भला माणूस आला आणि काही न विचारता त्याने खुर्ची धरून ढकलली. बाबा केवढ्याने दचकले! दोन्ही हात हवेत. मग वळून त्या माणसाकडे असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागेच सरला.

दादाने पाहिलं, मी पाहिलं. आम्ही दोघंही हसलो नाही, म्हणजे आवाज करून नाही.

परत आलो, त्याच रीतीने उतरले. बाबा खुर्चीतून उठून उभे होते. आईने नंतर सांगितलं की त्या माणसाला ते म्हणाले होते, "भाई, पूछना तो चाहिए ना!" मला मात्र ते संध्याकाळी म्हणाले, खोलीत शेकोटीची चौकशी करता करता, सहज म्हटल्यासारखं. "न विचारता ढकललं गं त्याने."

"हो का," मी म्हटलं.

बाकीची सहल नेहमीसारखी. ते सगळे देलवाड्याला गेले तेव्हा मी खोलीच्या सज्जात बसून दोन तास ऊन खाल्लं, आणि त्यात मला काहीही गमावल्यासारखं वाटलं नाही. एका सहलीत एक गोष्ट पुरते. उतरताना अबू रोडला रबडी घेतली, ती घेतल्याशिवाय आमच्याकडे अबूला गेल्याचं कुणी मानत नाही. पालनपूरच्या पुढे जेवायला थांबलो तेव्हा बाबा गाडीतून आधी उतरले. मी आरशातून पाहत होते. धाब्याच्या दाराशी गेले, खाली पाहिलं, मग बाजूच्या दुसऱ्या धाब्याशी गेले, तिथेही खाली पाहिलं. परत येऊन दादाला म्हणाले, "इथे नको. तीन आहेत. पुढे बघू."

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दादाने आणि वहिनीने मिळून खुर्ची वर घेतली. बाबा कमरेला पट्टा लावून बाजूला उभे राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी ओट्यावर खुडबुड ऐकू आली. बाबा टेप घेऊन बसले होते, जवळ जुन्या दिनदर्शिकेचं पान आणि पेन्सिल. मी दारापर्यंत गेले, उंबरठ्यापाशी थांबले, अर्थातच.

"सहा आणि सहा बारा, आणि हा चार. सोळा इंच," ते वर न पाहता म्हणाले. "म्हणजे तुझ्या हिशेबाने सोळा फूट."

"हो. आणि वळवायचा असेल तर वळणाला पाच बाय पाचची सपाट जागा."

"ओटा अकरा फूट आहे."

"मग वळवावाच लागेल."

आई आतून म्हणाली, "तुळस मध्ये येईल."

बाबांनी टेप तुळशीपर्यंत ओढली, पाहिलं, सोडली. "तुळस सरकेल. उंबरठा राहील. उतार त्याच्या डोक्याला मिळवायचा."

परवा गवंडी येऊन गेला. तो म्हणतो, एवढी जागा कशाला वाया घालवता, जरा उभा केला तर दहा फुटांत सहज बसतो, वर ढकलायला कुणी ना कुणी असतंच. बाबा त्याच्याशी अर्धा तास भांडले. आता दुसरा गवंडी शोधतो आहोत. वडोदऱ्यात कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.